बेचाळीस मेंढरं आणि दहा हजार पावलं

रोज दहा हजार पावलं चालून धोंडिरामबापू मेटकरींना काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारा उगाच तंगड्या तोडत होता. मिळणार होती त्यांचीच बेचाळीस मेंढरं, त्यांचीच बायको आणि उघड्या रानात घोंगडं टाकून पडायची त्यांचीच सवय. म्हणजे नवीन काहीच नाही. जे जन्मभर आपलंच होतं, तेच आता पावलं मोजून परत मिळवायचं. सौदा तोट्याचा होता, पण समोर पोटचा पोरगा होता आणि पोराच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

झालं असं की, भादव्यात आटपाडीकडच्या आपल्या गावात बापू मेंढरं कातरता कातरता चक्कर येऊन पडले. रक्त तपासलं तर साखर दोनशे बारा, तीही उपाशीपोटी. मुलगा रविराज साताऱ्यात एका कारखान्यात फोरमन. तो गाडी घेऊन आला आणि बापूंना उचलून कृष्णानगरच्या बाजूला असलेल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर. पारूबाईंनाही चल म्हणाला. त्या म्हणाल्या, "मी आले तर मेंढरामागं कोण जाईल, तुजी कंपनी?" आणि त्या पुतण्या धनाजीच्या वाड्याबरोबर राहिल्या. धनगरांचा वाडा म्हणजे काही दगडविटांचा नव्हे. मेंढरं, दोन घोडी, तीन कुत्री, चूल, पोरंबाळं असा सगळा चालता संसार, आज या शिवारात तर चार दिवसांनी पुढच्या.

रविराजनं बापूंना सरळ सांगितलं, "हे बघा बापू, वय झालंय चौसष्ट. डॉक्टर म्हणतात गोळ्या घ्या, पथ्य पाळा आन् रोज चाला. एक महिना रोज धा हजार पावलं चालून दाखवा, साखर खाली आली पायजे. आली तर मी स्वतः वाड्यावर सोडतो. न्हाई आली तर धनाजीदादाला सांगतो, बेचाळीसच्या बेचाळीस आटपाडीच्या बाजारात उभी कर."

"उभी करून काय करायचं?"

"इकायची. मग राहा हितं निवांत."

बापूंना हसू आलं. दहा हजार पावलं! आश्विन-कार्तिकात माणदेशातून निघून कृष्णाकाठापर्यंत आणि कधी घाट उतरून कोकणापर्यंत चाळीस वर्षं पायी गेलेल्या माणसाला पोरगा दहा हजार पावलांची अट घालतोय. माशाला पोहायची परीक्षा. बापूंनी त्याच बैठकीत कबूल करून टाकलं. सून समीक्षानं त्यांच्या फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप घालून दिलं, आणि वर सोसायटीतल्या लोकांच्या चालण्याच्या ग्रुपातही घातलं, "म्हणजे सोबत होईल बापू."

सोबत झाली. मधुबन सोसायटीचा हा ग्रुप अकरा जणांचा, आणि त्याचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एकटे नानासो फडतरे. नानासो एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली हे वहीत लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून त्यांनी माणसं धरली. रोज संध्याकाळी साडेसातला ते ग्रुपात यादी टाकत. पहिला कोण, दुसरा कोण, अकरावा कोण. नियम असा की, जो पहिला येईल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी चालणं संपल्यावर सगळ्यांना कंदी पेढे द्यायचे. पहिले बहुतेक नानासोच यायचे, तेव्हा पेढेही बहुतेक त्यांचेच असायचे. पहिलं येण्याचा त्यांना एवढा खर्च होता, पण त्यांनी तो कधी खर्चात धरला नाही.

पहिल्या दिवशी बापू आपल्या चालीनं चालले. आता त्यांची चाल कशी, तर वीस-पंचवीस पावलं टाकायची, काठी बगलेखाली घेऊन एका पायावर उभं राहायचं, मागं वळून बघायचं, पुन्हा चालायचं. कालव्याकडेच्या रस्त्याला मागं एकही मेंढरू नव्हतं, तरी मान आपोआप वळायची. बाकीचे दहा जण दोन्ही हात कोपरात मोडून असे निघाले की, बापूंना वाटलं कुठं आग लागली.

संध्याकाळी यादी आली. समीक्षानं वाचून दाखवली. अकरावे, धोंडिराम मेटकरी, तीन हजार नऊशे बारा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नानासोंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो मेटकरी, चाळीस वर्षं मेंढरामागं हिंडलो म्हणता. मेंढरं काय एसटीनं नेत होता?"

सगळे हसले. बापूही हसले, पण पेढा हातातच राहिला. आजवर त्यांना कुणी भित्रा म्हटलं होतं, कुणी अडाणी म्हटलं होतं, एका पाटलानं तर चोरही म्हटलं होतं. पण हळू चालतो असं कुणी म्हटलं नव्हतं. आता मेंढरांपेक्षा ही यादीच त्यांच्या डोक्यात बसली. कबूल झालं होतं दहा हजार आणि साखर. पण आठवड्यात बापूंना साखरेचा विसर पडला आणि दहावा नंबर डोळ्यापुढं नाचू लागला.

त्यांनी मुलाकडून कापडी बूट मागून घेतले. आयुष्य कोल्हापुरी वहाणांत गेलेलं. बुटांनी तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड आणले. तरी चालले. दुपारी गॅलरीत जागच्या जागी पाय आपटत चालले, तर खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि "पाटा-वरवंटा चाललाय का?" म्हणून विचारून गेल्या. मग संध्याकाळी टीव्ही बघता बघता फोन हातात धरून तो हलवत बसले. यात माणूस चालत नाही, पण आकडा चालतो हा शोध त्यांचा त्यांनाच लागला. त्या दिवशी ते सहावे आले.

"बघ," ते समीक्षाला म्हणाले, "पाच जणं मागं टाकली."

 समीक्षानं बोट टोचायचं यंत्र आणलं आणि सकाळी उपाशीपोटी थेंब घेतला. साखर दोनशे चोवीस.

"वाढली की बापू! कमी व्हायची सोडून बारा वाढली."

"आसं कसं? मी तर सहावा आलो."

तिनं सगळं विचारून घेतलं. रात्री झोप लागत नाही, टाचा ठणकतात, दिवसभर जीव टांगलेला. आणि रोज सकाळी एक पेढा, आग्रह झाला तर दोन. पंधरा दिवसांत किमान वीस पेढे झाले होते. पेढे दुसऱ्याच्या जिंकण्याचे, साखर बापूंची. समीक्षानं पेढा बंद केला आणि ही साखर नवऱ्यापासून लपवून ठेवली. इकडं पंधरा दिवस उरले होते. बापूंना बाजारात बांधलेली मेंढरं दिसू लागली. कान धरून दात बघणारे व्यापारी दिसू लागले.

त्या आठवड्यात धनाजीचा फोन आला. वाडा कोरेगावच्या रस्त्याला, पुलापलीकडच्या एका शिवारात बसला होता. सोयाबीन निघालेलं मोकळं रान, मालकाला लेंडीखत हवं, म्हणून मेंढरं बसवलेली. फोनवर मागून पारूबाईंचा आवाज आला, "आवं, पाय हायती का शहरात झिजलं? हितनं दोन कोस बी न्हाई सातारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू घरातून निघाले ते कालव्याकडं वळलेच नाहीत. कोरेगाव गाडीत बसले. बूट गॅलरीत राहिले.

मेंढरांनी त्यांना लांबून ओळखलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर पहिलं ओळखलं ते कुत्र्यांनी, आणि मेंढरांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली, जसा माणूस सकाळीच उठून गेला होता आणि आता आलाय. बापूंना यापेक्षा मोठा मान कुणी दिला नव्हता.

पारूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाळला की वो. सून खायाला घालत न्हाई?"

"घालती. मी पळतोय."

"कुणाच्या मागं?"

बापूंनी यादीची सगळी हकिकत सांगितली. पारूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "अकरा माणसं, आन् एकामागं एक मोजत्यात? कशापायी? हरवत्यात व्हय?"

 बापू उठून कळपामागं गेले. पण एक अडचण होती. नव्या पाटीला, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या तरुण मेंढीला, कालच कोकरू झालेलं, ते मागं राहायचं, त्याला उचलायला वाकलं की सदऱ्याच्या खिशातून फोन खाली पडायचा. एकदा चिखलात पडला, एकदा लेंड्यांत. चांदी नावाची म्हातारी मेंढी होती. कपाळावर पांढरा टिळा, स्वभावानं गरीब, गळ्यात घंटी. बापूंनी फोन तंबाखूच्या चंचीत घातला, चंचीचं तोंड आवळलं आणि घंटीशेजारी चांदीच्या गळ्यात बांधून टाकली. विचार साधा होता. मेंढी माझी, वाट एकच, आम्ही दोघं जाणार बरोबर. तिची पावलं ती माझी पावलं. चाळीस वर्षं धनगर असाच हिशेब करत आलाय, "मेंढरं आज दोन कोस चालली" म्हणतो, तेव्हा त्यात तो स्वतः असतोच.

फक्त फोनला हे ठाऊक नव्हतं. चांदीला पाय चार. आणि चरताना मेंढी घासागणिक मान खालीवर करते, ते प्रत्येक पाऊल म्हणून पडत गेलं.

संध्याकाळी यादी आली. पहिले, धोंडिराम मेटकरी, एक्केचाळीस हजार दोनशे साठ.

समीक्षानं ते दोनदा वाचलं. "बापू, तुम्ही आज नक्की कुठं गेला होता?"

"लांब," बापू म्हणाले. इथं त्यांनी खरं सांगायला हवं होतं, आणि तेही जाणून होते. पण अठरा दिवस अकराव्या-सहाव्यात घालवलेल्या माणसाला पहिल्या नंबरावरून एका दिवसात उतर म्हणणं सोपं नाही. एक रात्र राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी अडतीस हजार झाले. मग त्रेचाळीस. चोरी एकदा अंगवळणी पडली की माणूस तिला योगायोग म्हणतो.

इकडं मधुबनात हाहाकार माजला. नानासोंना पहिल्या दिवशी वाटलं ॲप बिघडलं. दुसऱ्या दिवशी वाटलं माणूस बिघडला. तिसऱ्या दिवशी ते पहाटे चारला उठले आणि बावीस हजार चालले. चौथ्या दिवशी सव्वीस. पाचव्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तरी त्यांनी पट्टा बांधून एकोणीस हजार रेटले आणि दुसरे आले. शिवाय पेढे! पहिला आलेला माणूस सकाळी हजरच नसे, आणि लोक तर टपरीवर हात पसरून उभे. तेव्हा दुसऱ्या नंबरानं पहिल्याच्या वतीनं पेढे द्यायचे, असा पोटनियम नानासोंनी स्वतःच केला आणि स्वतःच पाळला.

बापूंचे दिवस मात्र भारी चालले होते. सकाळी सातची गाडी, मग रान. पंचवीस पावलं, उभं राहणं, मागं बघणं. बांधावर बसून खरडा-भाकरी. दुपारी बाभळीखाली घटकाभर डोळा. कोकरू मागं राहिलं की सगळा कळपच सावकाश होई, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. दिवेलागणीच्या आधी वाघर लागे, म्हणजे काठ्यांवर ताणलेलं जाळ्याचं कुंपण, आणि मेंढरं एकेक करून आत जात. पारूबाई दाराशी उभ्या राहून मोजत. त्या मोजणीत पहिली कोण शिरली हे आजवर कुणी विचारलेलं नाही. बेचाळिसावी शिरली की दोरी बांधायची आणि चूल पेटवायची.

"झाली?" बापू विचारायचे.

"झाली."

मग ते शेवटची गाडी पकडायला रस्त्यावर यायचे, चंची सोडून फोन खिशात घालायचे. टाचांचे फोड कधी बसले, त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी रविवार होता. शनिवारी रात्री नानासोंनी ग्रुपात जाहीर केलं की, नऊ दिवस सलग पहिले आल्याबद्दल धोंडिराम मेटकरी यांचा ते जिथं चालतात तिथं जाऊन सत्कार करण्यात येईल. यात कौतुक किती आणि तपासणी किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कोरेगाव गाडीच्या वाहकाकडून म्हातारा रोज कुठल्या थांब्यावर उतरतो हे नानासोंनी आधीच काढून ठेवलं होतं. जुना माणूस होता खात्याचा.

रविवारी साडेनऊच्या सुमाराला दोन गाड्यांतून आठ जण उतरले. झेंडूचा हार, शाल, नारळ. सुट्टी म्हणून रविराज आला होता, समीक्षाही. नानासो काठी टेकत, पट्टा बांधलेला पाय ओढत सगळ्यात मागं. शिवारात मेंढरं पांगली होती, पण बापू दिसेनात. ते ओढ्याकडं कोकराला पाणी पाजायला गेलेले.

"थांबा, फोन लावतो," नानासो म्हणाले. आणि लावला.

दहा पावलांवर एक मेंढी वाजू लागली.

सगळे बघत राहिले. मेंढीनं एकदा मान हलवली, घंटी आणि फोन एकदमच वाजले, आणि ती पुन्हा चरू लागली. नानासोंनी फोन बंद केला, मेंढी गप्प झाली. पुन्हा लावला, मेंढी पुन्हा वाजली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बऱ्याच गाड्यांची चौकशी केली होती, पण असला उलगडा एका घंटीत झाला नव्हता.

बापू कोकरू खांद्यावर घेऊन वर आले, तेव्हा आठ माणसं चांदीभोवती उभी होती.

"बापू," रविराजचा चेहरा उतरला होता, "हे काय हो? मेंढरू चालवलंत?"

"मी बी चालत हुतो की तिच्यासंगं."

"पण पावलं तिची!"

"व्हय," बापू म्हणाले. कोकरू खाली ठेवलं. "माजं चुकलं. पयल्याच दिशी सांगायला पायजे हुतं. नानासो, तुमी म्हणला मेंढरं एसटीनं नेत हुता का, ते लय लागलं हुतं."

नानासोंनी बोलायला तोंड उघडलं होतं. भरपूर बोलायचं होतं, वाटेत गाडीत त्यांनी त्याची जुळणीही केली होती. पण तेवढ्यात गुडघ्यातून अशी कळ आली की, ते "अगं आई" म्हणून खालीच बसले. पारूबाई लगबगीनं घोंगडं घेऊन आल्या.

"बसा भावजी, पाय लांब करा. कशानं वो एवढा सुजलाय?"

"चालून."

"कुटं चालला हुता?"

नानासोंनी जरा विचार केला. "कुठं नाही. कालव्याच्या कडंनं जायचं आणि परत यायचं."

"मग घाई कसली हुती?" पारूबाईंनी अगदी मनापासून विचारलं. टोमणा असता तर नानासोंनी परतवला असता.

रविराज मात्र अटीवर आला. पोरगा बापावरच गेलेला, शब्दाला पक्का. "दहा हजाराची अट मोडली बापू. आता काय करायचं? परवा महिना भरतोय. मी धनाजीदादाला काय सांगू?"

 धनाजी लांब उभा राहून जमीन उकरत होता. बापूंनी कळपाकडं बघितलं आणि त्यांच्या ओठांवर आकडे हलताना दिसले; मोजत होते. बेचाळीस भरली, तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

तेव्हा समीक्षा बोलली. "अट दोन गोष्टींची होती. पावलं आणि साखर. पावलं बुडाली. साखर कुणी बघितली का? बापू रोज सातच्या आत घर सोडतात, म्हणून दहा दिवस मीसुद्धा बघितली नाही." आणि तिनं पर्समधून ते यंत्र काढलं. "बापू, सकाळपासून काही खाल्लंय?"

"न्हाई. कोकराच्या नादात ऱ्हायलं."

घोंगड्यावर बसवून बापूंचं बोट टोचलं. आठ माणसं, एक पुतण्या आणि पारूबाई त्या इवल्याशा काचेवर वाकले. सत्काराला आलेली सगळी मंडळी आता एका थेंबासाठी श्वास रोखून उभी होती. यंत्र टिकटिकलं.

"एकशे सदतीस," समीक्षा म्हणाली.

रविराजनं यंत्र स्वतःच्या हातात घेऊन बघितलं. "दोनशे बारावरनं?"

"दोनशे चोवीसवरनं," समीक्षा म्हणाली. "मधे वाढली होती, तुम्हाला सांगितलं नव्हतं."

मंगळवारी दवाखान्यात पक्कं रक्त काढलं, तिथंही आकडा दोन-चारच्या फरकानं तोच आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छान आहे. रोज किती चालता?" बापूंनी एकदा मुलाकडं बघितलं, एकदा सुनेकडं. "मोजलं न्हाई बाई. सकाळी निगायचं, सांजच्याला मेंढरं आत घालायची. मदी जेवढं व्हतं तेवढं." बाई म्हणाल्या, गोळ्या बंद करू नका, दर महिन्याला तपासायला या, आणि हे असंच चालू ठेवा. रविराजनं बाहेर येऊन एवढंच विचारलं, "घोंगडं हाय का दुसरं देऊ?"

पण रविवारची गोष्ट अजून पुरी व्हायची आहे. साखर कळल्यावर हार कुणाला घालायचा हा प्रश्न उरला. शाल पारूबाईंना दिली. नारळ तिथंच फुटला आणि खोबरं वाटून खाल्लं. हार नानासोंच्या हातात. ते घोंगड्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "नियमानं बघितलं तर नऊ दिवस पहिली ही आहे," आणि त्यांनी हार चांदीच्या गळ्यात घातला. चांदीनं मान वाकवली, वास घेतला आणि एका बाजूनं झेंडू खायला सुरुवात केली. दोरा तेवढा बापूंनी वेळेवर काढून घेतला.

त्या दिवशी मंडळी दुपारपर्यंत थांबली. बाजरीची भाकरी आणि खरडा खाऊन नाक पुसत गेली. नानासोंना गुडघ्यामुळं गाडीपर्यंत जायलाही उशीर लागला. दहा पावलं टाकायची, काठीवर थांबायचं, पुन्हा दहा. ते नवं कोकरू त्यांच्याच बरोबरीनं चालत होतं. पारूबाई धनाजीला म्हणाल्या, "बग, ह्यो बी लागला आपल्या चालीला."

पुढं वाडा पुलापलीकडून हलून खाली उंब्रजच्या अंगाला गेला. नानासो दोन रविवार तिथं आले. यादी त्यांनी बंद केली का, तर नाही. माणसाची सवय अशी जात नसते. पण आता ती साडेसातला येत नाही, कधी आठला येते, कधी दुसऱ्या दिवशी, आणि शेवटच्या नावापुढं पूर्वी ते जे बोट खाली दाखवणारं चिन्ह टाकत, ते गेलं. बापूंचा फोन चंचीतून निघून समीक्षाच्या कपाटात पडला आहे. बापू महिन्यातून एकदा रक्त तपासायला येतात, एक रात्र राहतात, गॅलरीतून खाली बघतात आणि म्हणतात, "लय उंचावर बांधलंय रं."

आता शेवटची बेरीज. बापूंची बेचाळीस मेंढरं बापूंकडंच राहिली, ती आधीही त्यांचीच होती. फोड आले दोन, गेले दोन. चांदीनं नऊ दिवसांत साडेतीन लाखाच्या वर पावलं टाकली, त्यातली अर्धी खाण्याची होती, आणि मोबदला झेंडूत वसूल केला. पोटनियमाचे नऊ दिवसांचे पेढे बापू देणं लागत होते, त्यांनी एकदा विचारलंही, "नानासो, तेवढं राह्यलंय." नानासो म्हणाले, "राहू द्या, मेटकरी. तुमच्याकडं साखरेची बंदी आहे." तेव्हा पावलं मेंढीची, साखर बापूंची, आणि पेढे आणि गुडघा, दोन्ही नानासोंच्या अंगावर.